बाबा आणि फुकटचा एडिटर

आमच्या घरात बोलणं कमी आणि खटखट जास्त होती. अमरावतीला राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि त्याच्या मागे ज्या दोन खोल्या उरल्या होत्या त्यांना आम्ही घर म्हणत होतो. समोरच्या लांबट खोलीत बारा मशीन होती, सहा इंग्रजी आणि सहा मराठी. सकाळी सहाची बॅच बसली की भिंतीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि आईनं ओट्यावर ठेवलेल्या चहाच्या कपातही ती थरथर दिसायची. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजते, मग डाव्या हातानं दांडा ढकलून पुढच्या ओळीवर जायचं. बारा पोरं, बारा घंट्या, आणि त्या सगळ्यांवर बाबांची पट्टी, टेबलावर ठेक्यात पडणारी. याच आवाजात मी झोपले, अभ्यास केला, दहावी-बारावी पास झाले. घरी आलेले पाहुणे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी उचलायचे.

बाबांचा एकच नियम होता आणि तो ते देवाच्या आरतीसारखा रोज म्हणत. नजर कॉपीवर, बोटं घरी. कॉपी म्हणजे डाव्या हाताला ठेवलेला, ज्यावरून टाइप करायचं तो कागद. घर म्हणजे मशीनची मधली ओळ, जिथे आठ बोटं विसावलेली असतात. बोटांकडे पाहणं हा गुन्हा, आणि आपण काय टाइप केलं ते मधेच पाहणं हा त्याहून मोठा गुन्हा. पान संपेपर्यंत मान उजवीकडे वळवायची नाही. पाहणाऱ्या पोरांच्या बोटांवर बाबा लाकडी झाकण ठेवत. "कागद पळून नाई चालला," असं म्हणत, "तू आपलं काम कर." तीस वर्षांत त्यांनी स्वतः पानाच्या मधेच मान वळवलेली कोणी पाहिली नव्हती. आईचा या सगळ्याशी संबंध एवढाच की रिबिनीच्या शाईनं काळे झालेले बाबांचे सदरे ती धूत असे, आणि रविवारी वर्ग बंद असला की कढीगोळे करत असे. बाबांना कढीगोळ्यांवर भरपूर सांबार लागायचा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीला समजावता समजावता माझी अर्धी नोकरी संपली.

मग गावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि आमच्या घंट्या कमी होऊ लागल्या. आधी संध्याकाळची बॅच गेली, मग दुपारची. रिकाम्या मशीनवर बाबा धुतलेलं फडकं टाकून ठेवत, पाहुण्याच्या अंथरुणावर चादर टाकावी तसं. मी बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरचाच डिप्लोमा घेतला तेव्हा मला आपण फितूर झाल्यासारखं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "शिक. बोटं तं तीच हायेत."

डिप्लोमाला दर शनिवारी अकोल्याहून मुश्ताक सर शिकवायला येत. ताजनापेठेत एका भांड्याच्या दुकानाच्या वर त्यांचं छोटंसं ऑफिस होतं, तिथे ते आणि दोघं-तिघं मिळून लोकांना प्रोग्राम लिहून देत. उंच, किडकिडे, खिशाला तीन पेनं. त्या काळात आमच्याकडे सगळ्याच सीडी कोणाच्या ना कोणाच्या कॉपी केलेल्या असत आणि त्याचं कोणालाच काही वाटत नसे. मुश्ताक सरांना वाटायचं. ते प्रोग्राम लिहायला एक फुकटचा एडिटर वापरत. एडिटर म्हणजे प्रोग्राम ज्यात बसून टाइप करायचा ती वही समजा. पडदा काळा, त्यावर करडी अक्षरं, वर मेनू नाही, बटणं नाहीत, माऊसची गरजच नाही. वर्गातल्या पोरांनी तो पाहून नाकं मुरडली. इतर एडिटर रंगीत होते, चुकलं तर खिडकी उघडून सांगत होते.

"फुकट हाय म्हणून नाई वापरत मी, बेटा," सर एकदा मला म्हणाले. "उघडा हाय म्हणून वापरतो. विकतच्या घड्याळाचं मागचं झाकण खोललं का गॅरंटी गेली. याले झाकणच नाई. कसा बनवला ते वाच, नाई पटलं तं बदल, अन् दुसऱ्यालेही दे. कोनी चोर नाई म्हणनार."

शेवटच्या महिन्यात त्यांनी मला एक काम दिलं. टायपिंग शिकवणारा प्रोग्राम लिही म्हणाले. धडा पडद्यावर दिसावा, पोरानं टाइप करावा, चुका आणि वेग मशीननंच सांगावा. जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. दोन महिन्यांनी एका सोमवारी अकोल्याला येऊन दाखव, चालला तर नोकरी. माझ्या बॅचमध्ये एकाही मुलीला नोकरी लागली नव्हती. घरी तिवशाच्या एका स्थळाचा निरोप येऊन पडलेला होता आणि आई रोज दोनदा त्याची आठवण काढत होती. तेव्हा त्या सोमवारवर माझं काय काय टांगलेलं होतं हे वेगळं सांगायला नको.

सरांनी दिलेली सीडी आणि ओळखीतून मिळालेला एक जुना कॉम्प्युटर घेऊन मी घरी आले. ठेवायला जागा वर्गातच होती, म्हणून तो बारा मशीनच्या शेवटी, कोपऱ्यात बसला. पहिल्या दिवशी मला त्या एडिटरमधून बाहेर पडता येईना. एस्केप दाबलं, सगळी बटणं दाबली, शेवटी भिंतीवरचा खटका बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच. मदतीची पानं होती, पण ती इतक्या घट्ट इंग्रजीत की ती समजायलाच मदत लागावी. विकतच्या वस्तूची निदान कंपनी तरी असते, तिच्या नावानं बोटं मोडता येतात. याचा मालक कोणीच नाही, मग भांडायचं कोणाशी? आठवड्यानं कळलं की या एडिटरच्या दोन वेळा असतात. एका वेळी तो हुकूम ऐकतो आणि एका वेळी तो टाइप करून घेतो. उघडला की तो हुकमाच्या वेळेत असतो, आणि तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. आय दाबलं की मग तो टाइप करून घ्यायला बसतो. एस्केप दाबलं की पुन्हा हुकूम. आपण कोणत्या वेळेत आहोत हे तो ठळक सांगत नाही, खाली कोपऱ्यात एक शब्द असला तर असतो. मला तेव्हा याचा संताप आला होता. आज तीस एक वर्षांच्या सवयीनंतरही मी कधीकधी चिठ्ठीत सुद्धा उगाच आय लिहून मोकळी होते, आणि संताप अजून पूर्ण गेलेला नाही.

गंमत अशी की बाबा त्या एडिटरच्या प्रेमात पडले. एक दिवस मागे उभे राहून ते कितीतरी वेळ माझे हात पाहत होते. वर जायचं तरी मधल्या ओळीतलंच बटण, खाली जायचं तरी तिथलंच, पुसायचं तरी तिथलंच. "म्हणजे बोटं घर सोडतच नाईत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आदर होता तो मी पदवी घेतली तेव्हाही ऐकला नव्हता. माऊसचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शिकलेला हात बटणावरून उचलून प्लॅस्टिकच्या वडीवर ठेवायचा म्हणजे काय. "हे ज्यानं बनवलं," ते म्हणाले, "तो टायपिंग शिकलेला मानूस हाय." मग त्यांनी विचारलं, "यात मराठी कुठं हाय?" मी मराठी उघडून दाखवली तर पडद्यावर नुसते चौकोन आले. सहा मराठी मशीनकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि विषय बदलला. पुढे कित्येक वर्षांनी त्यात मराठी नीट दिसू लागली, ती कोण्या अनोळखी लोकांनी आपापल्या घरी बसून, एक पैसा न घेता बसवली. पण त्या दिवशीच्या बाबांना त्याचा काय उपयोग.

प्रोग्रामसाठी धडे हवे होते आणि धडे बाबांच्या वहीत होते. इंग्रजी टायपिंगचे चाळीस धडे, त्यांनी स्वतः रचलेले. "मीच टाइप करून देतो," ते म्हणाले. मग रोज दुपारी एक पान असा नेम झाला. मी फाइल उघडायची, शेवटावर जायचं, आणि बाबा खुर्चीत बसायच्या आत हळूच आय दाबून ठेवायचं. मशीनमध्ये कागद चढवून द्यावा तसं. ते बसत, वही डावीकडे लावत, आणि नजर वर न करता सरसर टाइप करत. पान संपलं की एस्केप, कोलन, डब्ल्यू, एंटर, म्हणजे जपून ठेव. एवढं मात्र मी त्यांना घोकून घेऊन शिकवलं होतं, कारण आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा भरवसा नव्हता. दोन वेळांची भानगड मी त्यांना सांगितली नाही. उगाच कशाला, असं वाटलं. प्रोग्राम आणि धडे मी एकाच फाइलमध्ये ठेवत होते, वर प्रोग्राम, खाली धडे. हे कोणी करत नाही हे मला नोकरीत पहिल्या आठवड्यात कळलं. फ्लॉपीवर एक प्रत होती, तीही तीन आठवड्यांपूर्वीची.

शेवटच्या रविवारी बडनेऱ्याला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून ओटीचं सामान घेऊन मला धाडलं. निघताना मी सकाळचं काम जपून ठेवलं आणि कॉम्प्युटर चालूच ठेवून गेले, परत येऊन एकदा सगळं तपासायचं होतं. बाबांनी कंटाळवाणे म्हणून मागे ठेवलेले दोन धडे तेवढे बाकी होते, नुसते बोटांचे व्यायाम. दुपारी जेवण झालं, वर्ग बंद, घर शांत. पोरगी उद्या अकोल्याला चालली, आपलं काम आपण आटपून ठेवावं, म्हणून बाबा त्या खुर्चीत जाऊन बसले. दोन्ही धडे मधल्या बोटांचे. दोन पानं नुसतं डी के, डी के, डी के, के डी.

एडिटर हुकमाच्या वेळेत, फाइलच्या शेवटावर होता. त्या वेळेत डी म्हणजे पूस, आणि के म्हणजे वरची ओळ. डी-के म्हणजे ही ओळ आणि हिच्या वरची ओळ, दोन्ही पूस. कोणीही दुसरा माणूस असता तर त्यानं पहिल्या चार बटणांनंतर पडद्याकडे पाहिलं असतं. हात आपोआप थांबला असता. बाबांचा थांबला नाही, कारण त्यांनी नियमाप्रमाणे टाइप केलं. नजर कॉपीवर, बोटं घरी. आणि त्यांचा वेग असा की दर मिनिटाला शंभरावर ओळी पुसल्या जात होत्या. खालून वर, आधी त्यांचेच धडे, मग माझा प्रोग्राम. सगळं पुसून झालं तसा एडिटर टुंग वाजू लागला. पुसायला काही उरलं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. बाबांना वाटलं, ओळ संपल्याची घंटी. त्यांनी एंटर मारला आणि पुढे चालू लागले. नंतर ते मला म्हणाले, "घंटी लवकर लवकर वाजून राहिली होती. मले वाटलं, पोरीनं मार्जिन लहान लावलं असन." दोन पानं पूर्ण झाली. एस्केप, कोलन, डब्ल्यू, एंटर. जपून ठेवलं. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली.

मी सव्वातीनला घरी आले तेव्हा आई वर्गाच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. दुखऱ्या गुडघ्यांनी ती तासभर तिथे उभी होती असं नंतर कळलं. बाबा खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर रिकाम्या ओळींच्या खुणांशिवाय काही नव्हतं.

"मशीन बंद करून राहिले होते," आई हळू आवाजात म्हणाली. "मी म्हटलं पोरीले येऊ द्या. हात लावू नका."

बाबा उठून उभे राहिले. चूक झाली की त्यांच्यासमोर पोरं उभी राहत तसे. "माले," ते म्हणाले, "माह्या हातानं तुहं सगळं गेलं."

माला हे माझं नाव त्यांनी इतक्या हळू कधी घेतलं नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो नेमका कोणावर हे मला कळत होतं म्हणून जास्तच आला. मी पाहिलं. फाइल रिकामी. डिस्कवरही रिकामीच जपून ठेवलेली. फ्लॉपी लावली, ती तीन आठवड्यांपूर्वीचं निम्मं दाखवत होती. त्यात रविवारी चारला तर लाइन हमखास जायची. कोणत्या कंपनीला फोन करणार? मी वर्गातल्या फोनवरून अकोल्याला मुश्ताक सरांच्या घरी लावला. त्यांच्या बायकोनं उचलला, मग सर आले. मी काय सांगितलं मला आठवत नाही. नोकरीचं नाव काढलं नाही आणि पुसलं कोणी तेही सांगितलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"मशीन बंद केली का?"

"नाही सर."

"एडिटर बंद केला?"

"नाही."

"मंग कायच गेलं नाई. एस्केप दाब अन् यू दाबत राय. तो सगळं याद ठेवते, जपून ठेवल्यावरही. फकत लाइन नको जाऊ दे. लाइन गेली का त्याची याद गेली."

यू म्हणजे केलेलं परत घे. हे मला माहीत होतं, पण एक-दोन पावलांपुरतं. क्लासमधले रंगीत एडिटर थोडं मागे जाऊन हात वर करत. मी एस्केप दाबलं, यू दाबला. दोन ओळी परत आल्या. पुन्हा यू, आणखी दोन. अकराशे ओळींचा हिशेब डोक्यात आला आणि मी घाई करू लागले. एकदा शेजारचंच आय दाबलं गेलं आणि पडद्यावर यू-यू-यू उमटलं. मी ते पुसत असताना बाबा म्हणाले, "सरक."

ते बसले. उजव्या हाताचं पहिलं बोट यू वर. "हे याच बोटाचं हाय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि सुरू झाले. ठेका असा की त्यावर घड्याळ लावावं. घाई नाही, चूक नाही. दोन ओळी, दोन ओळी. आधी माझा प्रोग्राम वरून खाली भरत गेला, मग धडे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते, आई पंख्याकडे. बाबा मात्र पडद्याकडे पाहत होते, एकदाही पापणी न हलवता. मी त्यांना टाइप करताना पडद्याकडे पाहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पावणेचार झाले. कधीतरी ते थांबले आणि म्हणाले, "बस. हा माहा काल्चा शेवटचा शब्द." मी जपून ठेवलं, फ्लॉपीवर काढलं, दुसऱ्या फ्लॉपीवर काढलं. लाइन त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी गेली. खटका पाडायला ज्या कोणा कामगाराला उशीर झाला त्याला मी अजून आशीर्वाद देते.

अंधारलेल्या वर्गात आम्ही तिघं चहा घेत बसलो. बाबांनी विचारलं, "मी चुकलो कुठं?"

मी दोन वेळांची गोष्ट सांगितली. आधी आय दाबावं लागतं.

"मंग रोज कोन दाबत होतं?"

"मी."

"मले काहून नाई सांगतलं?"

"घाईत राहिलं," मी म्हटलं. ते खोटं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

सोमवारी ते माझ्यासोबत अकोल्याला आले. बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूर येईपर्यंत आईनं दिलेल्या पोळ्या आणि ठेचा. मी ठरवलं होतं की कालचा प्रकार सरांसमोर काढायचा नाही. फोनवर जेवढं कळलं तेवढं पुरे. तीन तीन आठवडे फ्लॉपी न काढणारी मुलगी कोण नोकरीवर ठेवेल? सरांनी प्रोग्राम चालवला. मग खुर्ची बाबांकडे सरकवली आणि म्हणाले, "तुमी बसा सर. खरी परीक्षा तुमचीच." बाबांनी धडा टाइप केला. पडद्यावर वेग आला, चुका शून्य. सर हसले. ऑफिसमधली पोरं उठून पाहायला आली.

आणि बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "सर, एक सांगाचं हाय. काल हिचा सगळा प्रोग्राम माह्या हातानं गेला होता. पोरीच्या कामात खोट नाई. म्हाताऱ्या मानसानं हात घातला म्हणून झालं. तुमी तिच्या नावावर नका लावू."

ते मला वाचवत होते. नोकरी माझ्या हातात पडलीच होती, गप्प बसले असते तर चाललं असतं. पण ते स्वतःला म्हातारा म्हणाले आणि मला ते सहन झालं नाही.

"बाबांची चूक नाही, सर," मी म्हटलं. "एडिटरला दोन वेळा असतात हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. महिनाभर रोज मीच आय दाबून देत होते. त्यांना ते जमणार नाही असं मला वाटलं होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते पडद्याकडेच पाहत राहिले. ज्या माणसानं तीस वर्षं शहराला बोटं हलवायला शिकवली, त्याच्याबद्दल त्याच्या मुलीनं हे मनात ठेवलं होतं आणि आता चार लोकांत बोलून दाखवलं होतं. जन्मात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

मुश्ताक सरांनी एक पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "प्रोग्राम चांगला हाय," ते म्हणाले. "पन बेटा, हा एडिटर लोकायनं काहून सोडून देला ठाऊक हाय? तो वाईट हाय म्हणून नाई. जाननारे लोकं सांगत नाईत म्हणून. जे जानते ते दुसऱ्याच्या बदल्यात बटन दाबून देतात अन् स्वतःले हुशार समजतात. मीही तेच करतो." मग ते म्हणाले, "एक काम कर. हा एडिटर कसा चालवाचा ते मराठीत लिहून काढ. चार पानं, जास्त नाई. ते कागद तुह्या बाबायले दे अन् तू खोलीच्या बाहेर बस. त्यायनं एकट्यानं चालवला का तुही नोकरी पक्की. नाई चालवला तं नाई."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर बाबा बोलले. खिडकीबाहेर कपाशीची शेतं पाहत बोलले. "मी तीस वर्षांत कोन्या पोट्ट्याचं बोट धरून टाइप करून नाई देलं. कितीही ढ असो." मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी पानं लिहायला बसले आणि तेव्हा कळलं की मला हा एडिटर येत होता, पण सांगता येत नव्हता. पहिल्या चार पानांत मी एडिटरच्या मदतीच्या पानांचंच मराठी केलं होतं, तितकंच घट्ट. बाबा ती घेऊन वर्गात गेले, दार लोटलं. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि कागद माझ्यासमोर ठेवले. लाल पेन्सिलीनं सात ठिकाणी खूण, आणि प्रत्येक खुणेपाशी त्यांच्या सुरेख अक्षरात, "इथे समजले नाही." शेवटी, "पुन्हा लिहावे." मी पुन्हा लिहिलं. तीन खुणा. एका खुणेपाशी लिहिलं होतं, "हे सोपे आहे असे म्हणू नये. सोपे आहे की नाही ते शिकणाऱ्याने ठरवावे." हे वाक्य मी नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला सांगितलं आहे. आता तर फुकटचे एडिटर रंगीत झालेत, पुढचा शब्दही आपणच सुचवतात, आणि पोरं मला विचारतात की मॅडम, तुम्ही त्या काळ्या पडद्यात अजून का बसता. मी त्यांना त्याचे गुण सांगते आणि दोषही सांगते, आणि दोन्ही सांगताना माझ्यासमोर बाबाच असतात.

तिसऱ्या वेळी एक खूण राहिली. चौथ्या वेळी मी बाहेर ओसरीवर बसले होते, आई आत कणीक मळत होती. दार लोटलेलं होतं आणि आतून बटणांचा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. त्या थांबण्यांत ते पडद्याकडे पाहत असणार हे मला समजत होतं. पाऊण तास झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी उठून उभी राहिले. ते बाहेर आले नाहीत. आत त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला होता आणि नंबर फिरवत होते.

"हॅलो. सर, मी मालाचा बाप बोलून राहिलो, अमरावतीहून," ते म्हणाले. "हाव. एकट्यानं चालवला. नाई, तिनं हात नाई लावला, ती बाहेर हाय." मग पलीकडचं ऐकून म्हणाले, "पोरीले केव्हापासून पाठवू?"